पार्किंगची फरशी: इंदूरच्या काळ्या मातीवर टिकेल अशी कशी निवडावी

इंदूरमधल्या घरांत गॅरेज म्हणून चार भिंती आणि शटर असलेली वेगळी खोली क्वचितच असते. लोकमान्य नगर असो, राजेंद्र नगर असो की सुदामा नगर, फाटकाच्या आत आणि वरच्या गॅलरीखाली जी दहा बाय अठराची जागा उरते तीच पार्किंग. तिथे कार उभी असते, दोन स्कूटर असतात, कोपऱ्यात नर्मदेच्या पाण्याच्या हौदाचं झाकण असतं. दिवाळीत रांगोळी तिथेच, हळदीकुंकवाला आलेल्यांच्या चपला तिथेच, आणि भर पावसात आजोबा दूध घ्यायला फाटकापर्यंत जातात तेही तिथूनच. त्यामुळे इथली फरशी निवडताना नुसतं गाडीचं वजन बघून भागत नाही.

टाइल्सच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "कोणता रंग दाखवू?" खरं तर तो शेवटचा प्रश्न. इथल्या पार्किंगची फरशी फुटते, खचते किंवा उखडते, तेव्हा दहापैकी आठ वेळा दोष वरच्या मालाचा नसतो. खालच्या मातीचा आणि भरावाचा असतो. म्हणून आपणही खालून वर जाऊ.

आधी जमीन बघा

माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. गव्हाला आणि सोयाबीनला ती सोन्यासारखी, पण घराच्या फरशीला वैरी. जोत्याखाली पाया खोल गेलेला असतो, त्यामुळे घर हलत नाही. पार्किंगच्या फरशीला मात्र पाया नसतोच, ती नुसती मातीवर टेकलेली असते. पावसाळ्यात माती तिला वर ढकलते, मे महिन्यात खालून आधार काढून घेते.

तुमच्याकडे हा त्रास किती आहे हे बघायला इंजिनिअर बोलवायची गरज नाही. पावसाळ्यात फाटक खाली घासतं किंवा कडी बसत नाही आणि उन्हाळ्यात आपोआप नीट होतं, असं होत असेल तर खांबाखालची माती हलते आहे. कंपाउंडच्या भिंतीलगत मेमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा पडतात का तेही बघा. मग एका कोपऱ्यात दोन-अडीच फूट खड्डा घ्या. तेवढ्यात मुरूम लागला तर तुम्ही नशीबवान. सगळी चिकट काळी माती निघाली तर ती तितक्या खोलीपर्यंत काढून टाकायची आणि मुरूम भरायचा. हा खर्च बहुतेकांना डोळ्यांत खुपतो, कारण तो नंतर दिसत नाही.

मुरूम एकदम ओतून वरून पाणी सोडलं म्हणजे तो दबला असं नसतं. सहा-आठ इंचांचा थर, त्यावर पाणी, मग प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरून माती दाबणारं मशीन. मग पुढचा थर. कॉम्पॅक्टर दिवसाच्या भाड्याने मिळतो. एवढ्या छोट्या जागेत हाताने आपटायच्या धुम्मसानेही काम होतं, फक्त मारणारा माणूस कंटाळता कामा नये. दबलेल्या थरावर बुटाची टाच जोरात मारली तर खळगा पडता कामा नये, ही साधी परीक्षा पुरते.

खणलेली काळी माती आणि जुन्या फरशीचा मलबा कुठे जाणार हे ठेकेदाराशी आधीच ठरवून घ्या. या शहरात रस्त्यावर ढीग लावून चालत नाही, दंड होतो, आणि तो ठेकेदाराच्या नव्हे, तुमच्या नावावर फाटतो.

गाडीने फरशी फुटते का?

चाकात हवा 33 पीएसआय असेल तर टायर जमिनीवर साधारण 2.3 किलो प्रति चौरस सेंटिमीटर एवढाच दाब टाकतो. छोट्या किंवा मध्यम कारच्या एका चाकावर साडेतीनशे किलो आले तर ते जवळपास दीडशे चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा जराशा मोठ्या जागेवर पसरतात. एम 20 या ताकदीच्या दर्जाचं काँक्रीट 28 दिवसांनंतर सुमारे 200 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब सहन करतं. मग टाइल का तडकते? कारण ती चिरडली जात नाही, वाकते. खाली एका कोपऱ्यात मसाला पोहोचलेला नसला की तेवढी टाइल अधांतरी राहते आणि चाक कडेवर आलं की मोडते. पूर्ण टेकलेली साधी टाइल पोकळ बसवलेल्या महागड्या टाइलपेक्षा जास्त टिकते.

कारपेक्षा जास्त इजा करणाऱ्या गोष्टी दोन: स्कूटरचा साइड स्टँड आणि जॅक. स्टँडचं टोक जेमतेम दोन-चार चौरस सेंटिमीटर टेकतं, त्यामुळे तिथला दाब कारच्या टायरहून जास्त होतो, आणि तो रोज त्याच ठिकाणी पडतो. तुमच्या घरात कार एक आणि दुचाक्या तीन असतील तर निवड दुचाक्यांकडे बघून करा.

ढाळ, फाटक आणि हौदाचं झाकण

ढाळ घराकडून फाटकाकडे हवा, शंभराला एक ते ऐंशीला एक. अठरा फूट लांबीत सव्वादोन ते पावणेतीन इंच उतार म्हणजे योग्य. त्याहून कमी ठेवला तर पाणी साचतं, फार जास्त ठेवला तर स्कूटर स्टँडवर उभी राहत नाही. मिस्त्री डोळ्याने ढाळ काढतो आणि वर म्हणतो, "भिया, इत्ता तो चलता है." त्याला नळीतलं पाणी किंवा लेझर लेव्हल लावायला लावा आणि दोन्ही भिंतींवर खुणा करून दोरी ताणून घ्या. काम झाल्यावर बादलीभर पाणी ओतून बघणं हे पैसे चुकते करायच्या आधी करायचं.

जुन्या फरशीवरच नवी बसवायची असेल तर पातळी दोन-अडीच इंच वर येते. फाटक उघडेल का, घराच्या पायरीची उंची उरेल का, आणि पाणी उलटं आत तर येणार नाही ना, हे आधी मोजा. बाहेरचा रस्ताही दर वेळी नवा झाला की वर येतो, त्यामुळे पार्किंग रस्त्याच्या बरोबरीला आणून ठेवू नका. रॅम्प स्वतःच्या हद्दीत, आठाला एकपेक्षा चढा नको, आणि त्यावर ओल्या काँक्रीटमध्येच आडव्या खाचा मारून घ्यायच्या. रॅम्पवर टाइल लावायचा मोह टाळा.

आता हौद. खाली पाण्याची टाकी असेल तर तिच्या वरचा स्लॅब गाडीच्या वजनासाठी केलेला आहे का, हे जुन्या नकाशावरून किंवा ज्याने बांधला त्याच्याकडून विचारून घ्या. फरशीच्या थराचंही वजन त्याच्यावरच येणार. झाकण टाइलला जुळणारं सुंदर घेण्यापेक्षा वाहनाच्या भाराचं घ्या. सिमेंटच्या झाकणांवर आयएस 12592 या भारतीय मानकाप्रमाणे एलडी 2.5, एमडी 10, एचडी 20 अशी वर्गवारी असते. आकडा टनांचा असतो. एलडी 2.5 माणसांच्या वावरासाठी. चाक ज्यावरून जाणार तिथे एमडी 10 बसवा. चौकट आजूबाजूच्या फरशीपेक्षा अर्धा इंच वर ठेवा आणि चारही बाजूंनी हलका ढाळ द्या, म्हणजे गाडी धुतलेलं पाणी पिण्याच्या पाण्यात झिरपणार नाही.

काँक्रीट: दिसायला साधं, कामाला पक्कं

माझं मत आधीच सांगून टाकतो. घराच्या पार्किंगला नीट केलेल्या काँक्रीटइतकं भरवशाचं काही नाही. वर काही घालायचं असलं तरी खाली हेच लागतं.

दहा बाय अठरा फूट आणि चार इंच जाडी म्हणजे 60 घनफूट, 1.7 घनमीटर. एम 20 साठी घनमीटरला साधारण आठ गोण्या धरल्या तर चौदा गोण्या सिमेंट लागतं. एवढ्या कमी मालासाठी आरएमसीची, म्हणजे कारखान्यातून तयार काँक्रीट आणणारी, गाडी सहसा परवडत नाही, आणि व्हॅक्यूम लावून पाणी काढणारे ट्रायमिक्सवाले एवढ्याशा कामाला यायला कुरकुर करतात. वरच्या स्लॅबच्या दिवशीच हे काम साधलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर मिक्सर मशीन, सिमेंट-रेती-गिट्टी 1:1.5:3 आणि व्हायब्रेटर, एवढं पुरतं. रेतीचा ट्रक येईल तेव्हा मूठभर रेती काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून ठेवा. थोड्या वेळाने वर गाळाचा जाड थर बसला तर तो ट्रक परत पाठवा.

काँक्रीटच्या खाली 250 मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरायचं, जोडावर सहा इंच एकमेकांवर चढवून. ओल खालून वर येत नाही, त्यामुळे पांढरा खार फुटत नाही. सळईची जाळी प्लास्टिकवर लोळत ठेवू नका, खाली सिमेंटचे छोटे ठोकळे (कव्हर ब्लॉक) देऊन ती जाडीच्या मधोमध किंवा थोडी वर धरा. भिंतीला काँक्रीट चिकटू देऊ नका, मध्ये अर्धा इंच थर्मोकोलची पट्टी सोडा. फरशी हलली तरी भिंतीचं प्लास्टर ओढलं जात नाही.

तडे जाणारच आहेत, ते कुठे जावेत एवढं आपल्या हातात असतं. चार इंच जाडीला आठ ते बारा फुटांवर एक सांधा हवा. म्हणजे अठरा फुटांच्या मध्यावर एक काप, एक इंच खोल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कटरने मारून घ्यायचा. उन्हाळ्यात त्याहून लवकर. आठवड्याने मारलेला काप नुसता शोभेचा, तोवर तडा आपली वाट शोधून मोकळा झालेला असतो.

वरचा पृष्ठभाग काचेसारखा घोटून घेऊ नका. ओलं असताना फ्लोअर हार्डनर (पृष्ठभाग कडक करणारी भुकटी) चौरस मीटरला 3 ते 5 किलो भुरभुरून घोटला की धूळ सुटत नाही, आणि शेवटी झाडूने हलके ओरखडे ओढले की पाय घसरत नाही. कोरडं सिमेंट भुरभुरून वर चकाकी आणायची मिस्त्र्यांची जुनी खोड आहे. त्याने वरचा पापुद्रा काही वर्षांत उडतो. मग पाणी: कमीत कमी सात दिवस, जमलं तर चौदा. एप्रिल-मेमध्ये ओलं पोतं घालून सकाळ-संध्याकाळ भिजवणं हे घरच्यांनीच अंगावर घ्यावं.

कोटा आणि इतर दगड

कोटा दगडाच्या खाणींचं राजस्थानातलं रामगंज मंडी इंदूरपासून फार लांब नाही, म्हणून कोटा इथे मुबलक. चुनखडीचा हा दगड घट्ट आहे, स्वस्त आहे आणि उन्हातही काळ्या टाइलसारखा पाय भाजत नाही. पण पार्किंगसाठी आरशासारखा पॉलिश केलेला कोटा घेऊ नका, पावसात तो घसरतो. नैसर्गिक खडबडीत तोंडाचा, कमीत कमी 30 ते 40 मिलिमीटर जाडीचा मागा. घरात वापरतात तो 20-25 मिलिमीटरचा तुकडा स्वयंपाकघराला ठीक. मोठ्या लाद्यांपेक्षा दोन बाय दोनचे तुकडे बरे, खाली पोकळी राहायची शक्यता कमी.

कोट्याचा शत्रू आम्ल. बॅटरीचं पाणी सांडलं, किंवा कामवालीने संडास साफ करायचं ॲसिड ओतलं, की पांढरा डाग कायमचा. लिंबाचा रससुद्धा खूण सोडतो. इन्व्हर्टरची बॅटरी पार्किंगमध्ये असेल तर तिच्याखाली ट्रे ठेवा.

ग्वाल्हेरकडचा फिकट हिरवा वालुकाश्म बागेतल्या वाटेला देखणा दिसतो, पण तो तेल पितो. जिथे स्कूटर उभी राहणार तिथे नको. फ्लेम फिनिश, म्हणजे ज्वाळेने तोंड खरखरीत केलेला, ग्रॅनाइट सगळ्यांत टणक, खर्चही तसाच.

पार्किंग टाइल

दुकानात गुजरातमधल्या मोरबीचाच माल बहुतेक ठिकाणी असतो आणि पार्किंग टाइल या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक साधी सिरॅमिक, मागची माती लालसर आणि पाणी पिणारी. दुसरी व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, पाण्याचं शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत. टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचे चार थेंब टाका आणि पाच मिनिटं गप्पा मारा. थेंब तसेच राहिले तर ती घ्या, मुरले तर ठेवून द्या. जाडी 12 मिलिमीटर किमान, भारी गाडी असेल तर 16 ते 20. तोंड खरखरीत हवं, पण खोल नक्षी नको. तिच्यात धूळ आणि तेल बसतं आणि मग गुडघे टेकून ब्रश मारणं नशिबी येतं. तुकडा तोडून दाखवायला सांगा: आतही तोच रंग असेल तर स्टँडने टवका उडाला तरी डोळ्यांत येत नाही.

खरी मेख बसवण्यात आहे. सिमेंटचा गिलावा करून त्याच्या पाच गोळ्यांवर टाइल ठोकून बसवायची पद्धत पार्किंगला अजिबात चालणार नाही. दातेरी करणीने पूर्ण पृष्ठभागावर टाइल ॲडहेसिव्ह, टाइलच्या पाठीवरही पातळ लेप, मग रबरी हातोडीने दाबणं. सुरुवातीची एखादी टाइल लगेच उचलून बघा, पाठ पूर्ण माखलेली असायला हवी. मध्ये 3 मिलिमीटरचे स्पेसर. दुसऱ्या दिवशी नाण्याने प्रत्येक टाइलचे चारही कोपरे वाजवा. भद्द आवाज आला की खडूने फुली मारा आणि ती बदलायला लावा. मिस्त्री चिडेल, चिडू द्या.

पेव्हर ब्लॉक

काळी माती फार खोल असेल आणि सगळी काढणं परवडणार नसेल, तर मी पेव्हरकडे, म्हणजे रेतीवर सुटे मांडलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांकडे, झुकेन. तो जमिनीबरोबर थोडा हलतो, तडकत नाही, आणि खचला तर तेवढे ब्लॉक काढून, रेती सारखी करून तेच परत बसवता येतात. नळाची लाइन फुटली तरी फरशी फोडावी लागत नाही. आयएस 15658 प्रमाणे हलक्या रहदारीला एम 35 आणि 60 मिलिमीटर जाडी पुरते. फुटपाथचा 50 मिलिमीटरचा स्वस्त ब्लॉक गळ्यात मारला जातो, तेव्हा पट्टी घेऊन जा. खाली चार ते सहा इंच दाबलेला खडी-मुरूम, त्यावर इंच-दीड इंच रेती, आणि चहूबाजूंनी सिमेंटची कड. कड नसेल तर ब्लॉक वर्षभरात पसरतात.

तोटा असा की फटींतून पाणी खाली त्याच काळ्या मातीत जातं. म्हणून घराच्या भिंतीलगतची तीन फूट पट्टी काँक्रीटची करून पुढे पेव्हर घाला. आणि हो, फटींत गवत आणि मुंग्या येतातच.

एपॉक्सी, पीव्हीसी आणि रबर

चकचकीत राखाडी एपॉक्सीचे, म्हणजे दोन डबे मिसळून काँक्रीटवर लावायच्या राळेच्या थराचे, फोटो बघून अनेकांना तीच हवी असते. बंद गॅरेज असेल तर ती उत्तम: तेल मुरत नाही, झाडू फिरवला की स्वच्छ. पण पश्चिमेचं ऊन येणाऱ्या उघड्या पोर्चमध्ये ती पिवळी पडते आणि भुरभुरते. तिथे वर पॉलियुरेथेनचा थर द्यावाच लागतो. शिवाय तापलेले टायर थंड होताना कमजोर रंग खेचून काढतात, आणि चार चाकांखाली चार टक्कल पडतात. डब्यातल्या पातळ एपॉक्सी रंगावर हे हमखास होतं, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या थरावर कमी.

एपॉक्सी करायचीच असेल तर काँक्रीट 28 दिवसांचं हवं आणि कोरडं हवं. दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान 16 तास ठेवा. खाली पाण्याचे थेंब किंवा काळपट ओल दिसली तर विषय तिथेच संपला. कोरडं निघालं तर पृष्ठभाग मशीनने घासून घ्यायचा. नुसता झाडून लावलेला थर साल निघाल्यासारखा निघतो. दोन डबे मिसळल्यावर आपल्या उन्हाळ्यात हातात फार वेळ नसतो, म्हणून हे काम सकाळी लवकर. जुलै-ऑगस्टमध्ये कोणी करून देतो म्हणाला तर नको म्हणा.

पीव्हीसीच्या जोड-टाइल भाड्याच्या घराला सोयीच्या, जाताना उचलून नेता येतात. मात्र टायरखाली तपकिरी डाग पडतो तो जात नाही, आणि स्टँडचा खड्डा पडतो. रबर मॅट फक्त दुचाकीच्या स्टँडखाली तुकडा म्हणून घ्या.

भाव ठरवताना आणि काम झाल्यावर

ठेकेदाराकडून चौरस फुटाचा एकच दर घेऊ नका. खणणं आणि मुरूम, काँक्रीट, वरचा माल, बसवायची मजुरी, मलबा नेणं, असे वेगळे आकडे कागदावर मागा. एकच दर असला की कात्री नेहमी मुरमावर आणि सिमेंटवर चालते, कारण ते झाकलं जातं. टाइल किंवा दगड मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या आणि उरलेले चार-पाच तुकडे गच्चीवर जपून ठेवा, पुढे तोच रंग मिळत नाही.

काँक्रीटवर चालायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हरकत नाही, स्कूटर आठवड्याने, कार मात्र 28 दिवस बाहेरच. टाइल आणि कोट्याला ॲडहेसिव्हच्या पिशवीवर लिहिलेली मुदत पाळा. सिमेंटच्या मसाल्यावर बसवलं असेल तर कारला दोन आठवडे. पेव्हरवर फटी रेतीने भरून कॉम्पॅक्टर फिरवला की त्याच दिवशी.

तेल सांडलं तर आधी पाणी मारू नका, ते पसरतं. लाकडाचा भुसा किंवा सिमेंटची भुकटी टाकून रात्रभर ठेवा, मग झाडून धुण्याचा सोडा आणि कडक ब्रश. ॲसिड काँक्रीटला, कोट्याला आणि टाइलच्या सिमेंटच्या सांध्यांना सारखंच खातं. जॅक लावताना खाली जाड फळी ठेवा, आणि ती फळी डिकीतच असू द्या.